डिझाईन कॉलेज चांगलं आहे का नाही, ऍडमिशनच्या आधी कसं ओळखायचं?

बारावी झालीय, लातूरला राहता आणि पुण्याच्या एका प्रायव्हेट कॉलेजवाल्यांचे रोज फोन चालूत की टोकन भरा, सीटा संपायल्यात. आधी तर टोकन भरू नका. संपायला आलेल्या सीटा ऑगस्टपर्यंत पुरतात.

मी वाळूजला पॅकेजिंगमधी आहे, नवीन पोरांचे पोर्टफोलिओ माझ्याकडंच येतात, त्यावरून सांगतो. वेबसाईटवर असतं ते टॉपरचं काम, ते लेकरू कुठंही शिकलं असतं तरी चमकलंच असतं. म्हणून तिथं गेलं की वर्गातल्या मधल्या पोरांचं काम दाखवा म्हणायचं, आणि फायनल पोस्टर नाही, तर कच्ची स्केचेस, पुठ्ठ्याची फसलेली मॉडेलं, सर काय बोलले आणि मग पोरानं काय बदललं, ते सगळं. काही कॉलेजांतून दहा पोरं आली तरी सगळ्यांचं तेच ॲप, तेच रंग, फक्त नाव वेगळं, म्हंजे तिथं सॉफ्टवेअर शिकवलंय, डिझाईन राहिलंच. ओपन हाऊसला, म्हंजे कॉलेज दाखवायला सजवून ठेवतात त्या दिवशी, उगं जाऊ नका, साध्या वारी जा, जमलं तर ज्युरी चालू असताना, म्हंजे परीक्षक पोरांचं काम समोरासमोर तपासतात तेव्हा. वर्कशॉपमधी मशीन चकाचक अन् खाली भुशाचा कण नाही, तर काय ते समजून घ्या.

डिग्री कोणती युनिव्हर्सिटी देणार ते नावासकट लेखी मागा अन् यूजीसीच्या मान्यताप्राप्त युनिव्हर्सिट्यांच्या यादीत बघा. डिप्लोमा वाईटच असतो असं नाही, २०१४ चा एनआयडी कायदा येईपर्यंत अहमदाबादची एनआयडी, म्हंजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, पण डिप्लोमाच द्यायची. पण पुढं एमपीएससीचा विचार असला तर डिग्रीच लागते. महाडीबीटीची स्कॉलरशिप त्या कोर्सला बसते का ते पण विचारा. ओरिजिनल मार्कमेमो जमा करा म्हणले तर नाही म्हणा, यूजीसीनं २०१८ लाच त्याला मनाई केलीय.

प्लेसमेंटचा टक्का सोडा, पद काय मिळालं ते विचारा. लिंक्डइनवर दोन-तीन वर्षांमागं पास झालेली पोरं शोधून मेसेज टाका, शिकवणारे सर टिकतात का दर सेमिस्टरला बदलतात हे तीच सांगतील.

आणि मनासारखं नाहीच मिळालं तर यूसीड आहे की, डिझाईनच्या डिग्रीची एन्ट्रन्स, बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी, अशी दोनदा देता येते. आयआयटी मुंबई घेते, परीक्षा जानेवारीत असते. लातुरात नीटसाठी गॅप घेणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं घरचे एवढे काही दचकणार नाहीत.