ग्रबचा मेनू नाहीसा होतो तेव्हा

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) या दोन्ही प्रणाली दोन वर्षे सुरळीत चालत होत्या. लॅपटॉपचे फर्मवेअर (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम) अद्ययावत केल्यापासून ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसत नाही आणि विंडोज थेट सुरू होते. उबुंटू नव्याने इन्स्टॉल करावे लागेल का? त्यातील माझ्या फाइली गेल्या का?

उत्तर : फाइली बहुधा जागच्या जागी आहेत, नव्याने इन्स्टॉल करण्याची घाई केली, तरच त्या जाण्याची भीती आहे. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर मदरबोर्डवरील स्मृतीत साठवलेली एक यादी वाचते आणि त्या यादीतील नोंदीप्रमाणे ईएफआय पार्टिशनमधील (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग) ठरावीक फाइल चालवते. फर्मवेअर अद्ययावत करताना ही यादी कधी कधी पुसली जाते. विंडोजची फाइल तिच्या ठरलेल्या ठिकाणी अनेक फर्मवेअर आपणहून शोधतात, म्हणून विंडोज सुरू होते. उबुंटूच्या वाट्याला ही सवलत येत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत हरवली आहे ती बहुधा केवळ एक नोंद.

सर्वप्रथम बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते विंडोजमध्ये पाहावे आणि असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवावी, कारण सिक्युअर बूटची (केवळ विश्वासार्ह स्वाक्षरी असलेल्या फाइली सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीची) सेटिंग बदलताच ती मागितली जाऊ शकते. त्यानंतर फर्मवेअरच्या बूट मेनूत (बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एफ९ किंवा एस्केप) उबुंटूचे नाव शोधावे. ते असेल, तर बूट क्रमात वर आणले की काम संपले. नसेल, तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा, मात्र यूईएफआय या फर्मवेअरच्या नव्या पद्धतीनेच. जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केल्यास ही यादी लिहिताच येत नाही आणि माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो. ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे फॅट३२ स्वरूपातील त्या छोट्या भागात, उबुंटू नावाचे फोल्डर शाबूत असेल, तर ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने त्यातील शिमच्या (ग्रबला सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) फाइलकडे बोट दाखवणारी नवी नोंद करणे पुरेसे ठरते. फोल्डरच नसेल, तरच ग्रब पुन्हा बसवावा. एका कळीत सगळे दुरुस्त करणारी साधने मी सुरुवातीलाच सुचवत नाही, कारण जे बिघडलेले नाही त्यालाही ती हात लावतात. ईएफआय पार्टिशन मात्र कोणत्याही परिस्थितीत फॉरमॅट करू नये. विंडोजची सुरुवातही तेथूनच होते.

प्रश्न : माझी तक्रार उलट आहे. लिनक्स नव्याने बसवल्यावर ग्रबच्या मेनूत विंडोजच दिसत नाही.

उत्तर : ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणास्तव मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून मेनू नव्याने तयार करावा. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्सला विंडोजचे पार्टिशन अनेकदा केवळ वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही.