खानापुरात प्लायवूडचा कारखाना : आधी लाकूड वाळवण्याची सोय करा

घरच्या अकेशिया आणि सिल्व्हर ओकच्या झाडांच्या भरवशावर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बांधकामासाठी प्लायवूड तयार करावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की सुरुवात प्लायवूडने करू नये. फिंगर जॉइंट केलेल्या, म्हणजे टोकांना बोटांसारख्या खाचा पाडून एकमेकांत चिकटवलेल्या पट्ट्या, चौकटी आणि फ्लश डोअर (सपाट पृष्ठाचे दार) यांपासून करावी. प्लायवूडसाठी लागणारे व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ थर, सोलण्यासाठी सरळ आणि गोल ओंडका लागतो, तर आपल्याकडचा अकेशिया बहुधा वाकडा व गाठाळ वाढतो. फिंगर जॉइंटमध्ये मात्र गाठी कापून टाकून उरलेले आखूड तुकडेही उपयोगात आणता येतात.

दुसरे कारण परवान्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून सॉ मिल आणि प्लायवूड कारखान्यांवर कडक नियंत्रण आले, आणि केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे परवाने राज्यस्तरीय समितीमार्फत जातात. चिरलेले लाकूड विकत घेऊन केवळ जोडकाम करणाऱ्याची वाट तुलनेने सोपी असते. तरीही वन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावाच. महाराष्ट्रातील चंदगडकडून माल आणणार असाल, तर दोन राज्यांच्या वाहतूक नियमांचा हिशेब आधीच करावा.

सर्वांत जास्त लक्ष मात्र ओलाव्याकडे द्यावे, कारण या धंद्यात माल परत येतो तो बहुतेक त्यामुळेच. खानापूरच्या पावसात शेडखाली वाळवलेल्या लाकडाची चौकट अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, सांधे उघडतात आणि दार पीळ खाते. आयएस 287 या भारतीय मानकात हवामानाचे विभाग पाडून लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा दिलेल्या आहेत, त्या आपला माल जिथे बसणार आहे त्या गावाच्या हवेप्रमाणे वाचाव्यात. म्हणून पहिला मोठा खर्च वाळवणभट्टीवर व्हावा. तिच्या इंधनासाठी कारखान्यातलेच तुकडे व भुसा कामी येतो, आणि ओलावा मोजण्याचे यंत्र तर पहिल्या दिवसापासून हाताशी हवे.

चिकटद्रव्यातही काटकसर करू नये. पावसाचे पाणी लागणाऱ्या चौकटीला साधा पांढरा ग्लू चालत नाही. पुढे सेंट्रिंग प्लायकडे (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या प्लायवूडकडे) वळलात, तर त्याला आयएस 4990 लागू होते आणि ओल्या काँक्रीटशी सतत संबंध येत असल्याने फिनॉलिक रेझिनच हवे. युरिया रेझिनचे थर लवकर सुटतात. मरीन प्लायला तर आयएस 710 प्रमाणे 72 तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते.

आपल्या भागाची खरी जमेची बाजू बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील हायड्रॉलिक्सचे कौशल्य ही आहे. प्लायचे थर तापवून दाबणारा हॉट प्रेस मुळात हायड्रॉलिक यंत्रच, त्यामुळे सिलिंडर, सील व पंपाची दुरुस्ती इथेच होते आणि हरियाणातील यमुनानगरहून मेकॅनिक येण्याची वाट पाहत हंगाम घालवावा लागत नाही. बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) पार्टिकल बोर्ड करण्याची कल्पनाही अनेकजण मांडतात, पण साखर कारखाने बगॅस वीजनिर्मितीसाठी स्वतःच जाळत असल्याने बारमाही पुरवठ्याचा लेखी करार झाल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

यंत्रांची ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या शेतातील दोन्ही जातींचे नमुने बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे तपासणीसाठी पाठवावेत. वाळताना तडे किती जातात आणि सांधा कितपत धरतो, याचा अहवाल आल्यावर भट्टीचे आकारमान ठरवावे.