कुंपण नसलेल्या मैदानावर पळकुट्या पोरांना कसं सांभाळायचं?
बाकावर बसू नका, रस्त्याच्या बाजूला उभं राहा. म्हणजे पोरगं सुटलंच तर तुमच्याच अंगावर येतंय. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं गेलो की मी आधी माझ्या दोघा पोरांना हद्द चालून दाखवतो: "ह्या झाडापलीकडं नाही." नुसतं तोंडानं सांगितलेलं चार वर्षांच्या पोराला कळत नाही वो. घरीच 'स्टॅच्यू' खेळून हाकेसरशी थांबायची सवय लावा. खरी भीती चेंडूची. तो रस्त्यावर गेला तर मोठ्यांनीच आणायचा. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, लहानांना तो अंदाज येत नाही. कपडे भडक घाला. दोघी-तिघी आया असाल तर पाळी ठरवा, गप्पांत कुणाचंच लक्ष नसतं.