मेलेला मासाही वहीत लिही

चिरंजीव हिस,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तू ग्रुपवर टाकणार हे मला ठाऊक आहे, आणि तिथे माशांच्या टाकीपेक्षा टाकीवाल्यांचीच चर्चा जास्त चालते.

रविवारी तू आलीस, चहा गार होऊ दिलास आणि तासभर माझ्या टाकीकडे पाठ करून बसलीस. एरवी चपला काढायच्या आधी काचेला नाक लावणारी तू! तेव्हाच कळलं की कुठेतरी लागलंय. मग हळूहळू बाहेर आलं. प्रवाळ वाचवण्यावरच्या परिषदेला निघालेय असं तू कॉलेजात सांगितलंस, आणि मैत्रीण म्हणाली, “आणि घरात समुद्रातून पकडून आणलेले मासे ठेवतेस!” त्यावर तुझी दातखीळ बसली. मला विचारलंस, काका, जाऊ का? की टाकीच बंद करू? मी ‘बघू’ म्हणालो. हे पत्र म्हणजे ते ‘बघू’.

जा. त्यावर शाई घालवत नाही. मैत्रिणीचा प्रश्नही खरा आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे तळ्यांतून पैदास करून येतात, खाऱ्यातले बहुतेक अजून थेट समुद्रातून. तिच्यावर रागावू नकोस. मला बोलायचंय ते वेगळंच: तू तिथे कोणती वही घेऊन जाणार आहेस?

तुझी वही मी चाळली. सुरेख आहे. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०, रंगीत पेनांनी काढलेले आलेख. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून बुधवारी रात्रीच आरओचे कॅन भरून ठेवायचे, हेसुद्धा लिहिलंयस. मग मी विचारलं, तो पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल कुठाय? तू म्हणालीस, “गेला काका, दिवाळीत.” मी दिवाळीचं पान उघडलं. नायट्रेट ५. तापमान २६. डॅमसेलचा पत्ताच नाही.

पोरी, मी चाळीस वर्षं लोकांच्या खतावण्या तपासल्या. ज्या वहीत जमा आहे आणि नावे नाही, तिला आम्ही हिशेब म्हणत नाही, जाहिरात म्हणतो.

मेलेला मासा लिही. कधी आणला, कुठून, पकडलेला की पैदास केलेला, पहिल्यांदा कधी खाल्लं, कधी मेला. पाच रकाने. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ असं स्वच्छ लिही, मोकळं सोडू नकोस. मोकळा रकाना काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनासा होतो.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. लोकांच्या रोजकीर्दीतली एका रुपयाची चूक शोधणाऱ्या या माणसाने स्वतःच्या टाकीची पहिली दहा वर्षं एक ओळ लिहिली नाही. तेव्हा मी एक मँडरिन मासा आणला होता. रंग असा, की शेजारपाजारचे बघायला यायचे. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, टिपत फिरतो, ताटात वाढलेलं सहसा खात नाही. माझी टाकी तीन फुटी, तीही नवी. त्यातले कोपेपॉड त्याने थोड्याच दिवसांत संपवले आणि मग तो महिनाभर माझ्यासमोर वाळत गेला. मी पाण्याला दोष दिला आणि दुसरा आणला. नंतर तिसरा. तीनही मेले, पण मला आपला एकच मासा मेल्यासारखं वाटत राहिलं, कारण ‘तीन’ हा आकडा कुठे लिहिलेलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. एकदा माझ्या क्लाऊन माशांच्या जोडीने मातीच्या कुंडीवर अंडी घातली. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर आली. पिल्लांना खायला रोटिफर हे सूक्ष्म जीव आधीच वाढवून ठेवले होते, त्यांच्यासाठी शेवाळाच्या हिरव्या पाण्याची बादली गच्चीवर होती. चौदा पिल्लं जगली. समुद्रापासून इतक्या लांब, कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर! मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होतो. पुढे त्याच जोडीने अकरा वेळा अंडी घातली आणि एकही पिल्लू जगलं नाही. त्या पहिल्या खेपेला मी वेगळं काय केलं होतं? रोटिफर दाट होते? प्रकाश कमी होता? आजतागायत सांगता येत नाही. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी क्लाऊनची पैदास बसवली आणि ती इतरांनाही शिकवली. मी बायकोला म्हणायचो, त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे. ती म्हणायची, त्यांच्याकडे वहीपण असेल.

आता तू म्हणशील, काका, तुम्हाला नोकरी होती, घरात आजारपण होतं, उन्हाळ्यात भारनियमन होतं. होतं ना! चार-चार तास वीज जायची, मी भांड्याने पाणी उपसून वरून ओतत बसायचो, टाकीत हवा जावी म्हणून. अशा माणसाने वही लिहायची कधी? … हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवतोय. भांडं धरायला दोन हात लागत नाहीत, हेही मला माहीत आहे.

असो. परिषदेकडे वळू.

तिथे तुला दोन जगं दिसतील. आत सभागृहात पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांची चित्रं. २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथं जागतिक विरंजन, म्हणजे प्रवाळं पांढरी पडणं, जाहीर झालं, त्यावर कुणीतरी बोलेलच, आणि ते ऐक. बाहेर दालनात निळ्या दिव्यांखाली स्टॉल. लोक आत डोळे पुसतात आणि बाहेर येऊन पाकीट काढतात. यावर तुझी चिडचिड होईल. चिडू नकोस, वही काढ. प्रत्येक स्टॉलवर विचार: हा कुठून आला? कसा पकडला? तुमच्याकडे येऊन किती दिवस झाले? दहात किती मेले? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण हसतील. त्यांचं हसणंसुद्धा लिहून ठेव.

या धंद्यात मेलेल्यांची मोजणी अजिबात नाही असं नाही. आहे, पण कुठपर्यंत, तर पिशवी उघडेपर्यंत. पिशवीतच मेला तर दोन तासांत फोटो पाठवा, भरपाई मिळेल. तिसऱ्या आठवड्यात मेला की तो तुमचा, तुमचं पाणी वाईट, तुम्ही नवशिके. आता बघ, फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइड फवारून मासे गुंगवायची पद्धत सुरू झाली, ती इतरत्रही पसरली. फवारा बसलेलं प्रवाळ मरतं. मासा मात्र शुद्धीवर येतो, तरतरीत दिसतो, कधीकधी खातोसुद्धा, आणि पुष्कळदा काही दिवसांनी, काही आठवड्यांनी जातो. म्हणजे ज्या दिवसांत तो मरतो, नेमके तेच दिवस कुणी मोजत नाही! माझ्या एका विक्रेत्याकडचे मासे हमखास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायचे, असं मला आज आठवतं. आठवतं म्हणजे वाटतं. त्याच्यावर मी काय म्हणून बोट ठेवू? माझ्याकडे तारखा नाहीत. नोंद नसलेल्या माणसाचं म्हणणं म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा.

‘रानातला मासा वाईट, पैदाशीचा चांगला’ हे वाक्यही तिथे शंभरदा कानावर पडेल. त्यावर मान डोलावू नकोस, आधी कोणता मासा ते विचार. बांगाई कार्डिनल मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा. नर सुमारे महिनाभर अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, त्यामुळे एक खाडी रिकामी केली की ती भरून यायला फार वेळ लागतो. २००७ साली तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. टाकीत तो सहज वाढतो, मग समुद्रातला कशाला हवा? उलट ब्राझीलच्या रिओ नेग्रोवर, बार्सेलोसला, कार्डिनल टेट्रा पकडून कुटुंबं जगतात. पाणी ओसरलं की त्यातले असंख्य मासे तसेही मरतात. ते पकडून पोट भरतं तोवर जंगल तोडायचं कारण राहत नाही, असं तिथला पियाबा प्रकल्प १९८९ पासून मांडतो आहे. तो मासा गोड्या पाण्यातला, पण धडा आपल्यालाही लागू. म्हणून तर म्हणतो, रकान्यात नुसतं ‘रानातला’ लिहून भागत नाही. कुठल्या रानातला?

मैत्रिणीला सांगायला एक माणूस देतो. केन नेडिमायर. फ्लोरिडाच्या समुद्रात टाकीवाल्यांसाठी मासे पकडणारा, म्हणजे तिच्या हिशेबात गुन्हेगारच. पुढे त्याने लाइव्ह रॉकची शेती केली: समुद्रातली जागा भाड्याने घ्यायची, खाणीतला दगड तिथे टाकायचा, त्यावर जीव वसला की काढून विकायचा. त्याच्या दगडांवर स्टॅगहॉर्न प्रवाळ आपोआप रुजलं. तिथल्या समुद्रातून हे प्रवाळ जवळजवळ नाहीसं झालं होतं. नैसर्गिक तळावरून ते उचलायला बंदी, पण हा दगड ह्याने स्वतः, परवानगीच्या जागेत टाकलेला. ते तुकडे वाढवून त्याने प्रवाळाची रोपवाटिका केली आणि २००७ साली कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन उभं राहिलं. भाषणांत ही गोष्ट प्रेमाची म्हणून सांगतात. मला त्यात कागद दिसतो. दगड कुठला, जागा कुणाची, हे दाखवता आलं नसतं तर ते प्रवाळ त्याच्या हाती राहिलं असतं का?

आणि आपल्याकडचा कागद तर तुला पाठ हवा. कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, सगळे समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. ‘इम्पोर्टेड आहे’ हे दुकानदाराचं वाक्य म्हणजे कागद नव्हे. त्या वर्षानंतरही माझ्या टाकीत एक मेंदूप्रवाळ होतं. मला कायदा माहीत नव्हता, असं मी सांगत असे. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते घेता आलं नसतं.

टाकी बंद करायची असेल तर खुशाल कर, पण मासे अलिबागला नेऊन सोडायचे नाहीत. कुणीतरी सोडलेले लायनफिश १९८५ पासून अटलांटिकमध्ये दिसू लागले आणि आता तिथले छोटे मासे फस्त करताहेत. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखाली टाकीतल्या कॉलर्पा शेवाळाचा एक तुकडा सापडला, तो भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन्‌मैल पसरला. दयाळू माणसं फार नुकसान करतात.

पण माझं ऐकशील तर बंद करू नकोस. टाकी बंद केलीस की तुझी पाटी कोरी होईल आणि तू निर्दोष होशील. निर्दोष माणसं मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. डॅमसेल का मेला हे शोधणारं कुणीतरी हवं, आणि ते टाकी असलेल्यालाच जमतं.

एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं. विषय ‘माझी टाकी’. मी माझ्या वहीतली मेलेल्यांची यादी वाचली, तोवर मी लिहायला लागलो होतो. एकोणतीस ओळी, जात, तारीख, माझ्या मते कारण. सातव्या ओळीला खुर्च्या सरकायला लागल्या. आयोजकांनी चहा लवकर जाहीर केला. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. बायको म्हणाली, थोडं गोड बोलायला काय हरकत होती? हरकत होती. यादी तेवढीच होती, ती अर्धी वाचली असती तर पुन्हा जाहिरातच झाली असती. मी आजही बोलावलं तर तीच यादी वाचेन, आता ती लांब झाली आहे. पण तू माझ्यासारखं करू नकोस असंही मला वाटतं. तू एकच मासा सांग, नीट सांग. लोक उठून जाणार नाहीत.

आणि हो, परिषदेत मालवण आणि आंग्रिया बँक ही नावं कुणी घेतं का ते बघ. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आपलं एवढं मोठं प्रवाळपठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, आणि आपल्या टाकीवाल्यांना बालीचे रीफ तोंडपाठ. कुणी घेतलं नाही तर हात वर कर.

माझी वही मी देणार नाही, मागू नकोस. इथे बसून उतरवून घे. गुरुवार सोडून कधीही ये, दुपारी एक ते चार मात्र नको. येताना डॅमसेलची नेमकी तारीख आईला विचारून ये. तिला आठवत असेल. भाऊबीजेला पोरगी जेवली नाही म्हणून तिने मला फोन केला होता.

तुझा,
काका