'अनुदानाच्या मागण्या': सरकारच मागते, मग देते कोण?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या राज्यसेवेची तयारी करतात, आणि पेपरात त्यांनी वाचलं, "परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर". त्यांचा प्रश्न असा की मागण्या तर लोक करतात सरकारकडे, मग इथं सरकार कोणाकडे मागून राहिलं? आणि हे अनुदान म्हणजे आपल्याकडे तुषार संचाचं, शेततळ्याचं मिळते तेच का, की भूतान-नेपाळला देतात ते?

ताई, गोंधळ होणारच, कारण त्या एका ओळीतला एकही शब्द आपल्या रोजच्या अर्थानं आलेला नाही.

आधी मागणी घ्या. आपल्याकडे मागणी म्हणजे तहसीलवर निवेदन घेऊन जातात ती, नाहीतर पोरीला येते ती, नाहीतर बाजारात "औंदा हरभऱ्याला मागणीच नाही" म्हणतात ती. संसदेत मात्र मागणारं सरकार असते आणि देणारी लोकसभा. घटनेच्या ११३ व्या कलमात हे सरळ लिहिलं आहे, खर्चाचे अंदाज 'अनुदानाच्या मागण्या' म्हणून लोकसभेपुढे ठेवायचे, लोकसभा त्या मंजूर करेल, नाकारेल किंवा रक्कम कमी करून मंजूर करेल. वाढवून द्यायचा अधिकार तिला नाही, आणि राज्यसभा चर्चा करू शकते पण या मागण्यांवर मत देऊ शकत नाही. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मागणी येतच नाही, म्हणजे कोण्या खासदाराला वाटलं म्हणून त्यानं अमुक देशाला पाचशे कोटी द्या अशी मागणी मांडली, तसं होत नाही. मला हा शब्द फार नेमका वाटते. सरकार कितीही मोठं असो, पैशासाठी त्याला दरवर्षी मागणाऱ्याच्या जागी उभं राहावं लागते, आणि ते त्या शब्दातच लिहून ठेवलं आहे. काही जण 'मागणी' ऐवजी 'तरतूद' लिहितात, पण तरतूद म्हणजे बाजूला काढून ठेवलेला पैसा, त्यात कोण कोणाला विचारते हे दिसतच नाही.

आता अनुदान. खरा घोळ इथं आहे. इंग्रजीतल्या ग्रँटसाठी हा शब्द आपण वापरतो, अनु अधिक दान. त्या बातमीत अनुदान म्हणजे लोकसभेनं मंत्रालयाला दिलेला पैसा, बस. परराष्ट्र मंत्रालयाची २०२५-२६ ची मागणी क्रमांक २९ होती आणि रक्कम साधारण २०,५१६ कोटी रुपये. ते सगळे काही बाहेर वाटायला नसतात, जगभरच्या वकिलातींचा खर्च, तिथल्या लोकांचे पगार, पासपोर्टचं काम, सगळं त्यातूनच चालते. त्यातला एक हिस्सा मग दुसऱ्या देशांकडे जाते, त्या वर्षी भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७०० कोटी, मालदीवसाठी ६०० कोटी धरले होते. भूतानच्या रकमेत काही भाग परत न घ्यायचा असते आणि काही चक्क कर्ज असते. जो परत न घ्यायचा, त्यालाही सरकारी भाषेत अनुदानच म्हणतात! आणि तिसरं अनुदान आपलं, ठिबकचं, तुषारचं, जे इंग्रजीत सबसिडी आहे. म्हणून "भूतानला अनुदान वाढवलं" अशी बातमी आली की पारावर लगेच सुरू होते, आमची फाईल कृषी कार्यालयात वर्ष झालं पडून आहे अन् तिकडे देऊन राहिले. त्या माणसाचा राग खोटा नाही, पण शब्दानं त्याला दोन वेगळ्या गोष्टी एका पारड्यात टाकायला लावल्या. माझं स्पष्ट मत आहे, बाहेरच्या देशाला दिलं तर मदत किंवा साहाय्य लिहावं, शेतकऱ्याला दिलं तर अनुदान, आणि सभागृहातलं असेल तर 'अनुदानाची मागणी' हा पूर्ण जोडशब्दच लिहावा, तोडू नये.

आवाजी मतदान म्हणजे सगळ्यांचा होकार, असं पुष्कळ जण समजतात, ते चूक. आमच्या दर्यापूरकडच्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा ठराव आला होता, लोक "मंजूर, मंजूर" ओरडले आणि ग्रामसेवकांनी रजिस्टरात सूचक, अनुमोदक लिहून खाली 'सर्वानुमते मंजूर' लिहिलंही. मागून एक आजोबा उठले, "साहेब, हात मोजा, आमचा विरोध हाय." मग हात वर झाले, मोजले, ठराव पास झालाच, पण 'सर्वानुमते' वर आडवी रेघ मारून वर 'बहुमताने' लिहावं लागलं. ती रेघ अजून रजिस्टरात आहे. लोकसभेतही तसंच, अध्यक्ष होय म्हणणाऱ्यांचा अन् नाही म्हणणाऱ्यांचा आवाज ऐकून निर्णय सांगतात, कोण्या सदस्यानं हरकत घेऊन मोजणी मागितली तर मतविभाजन होते, आणि तेव्हाच कोणाचं मत कुठं हे कागदावर येते. म्हणून तुमच्या बातमीतल्या मतदानाचा आकडा तुम्हाला कुठंच सापडणार नाही.

अमेरिकेत हे उलटं आहे. तिथं मागणीच नसते, राष्ट्राध्यक्ष प्रस्ताव पाठवतो पण खर्चाचं विधेयक काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, स्वतः लिहिते, आणि वादाचं विधेयक असलं की नाववार मत नोंदलं जाते. २०२५ च्या जुलैत तिथं आधीच मंजूर झालेले सुमारे ९ अब्ज डॉलर परत घ्यायचा कायदा झाला, त्यातले जवळपास ८ अब्ज परदेशी मदतीचे होते. सेनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८, आणि खालच्या सभागृहात शेवटी २१६ विरुद्ध २१३. तीन मतांचा फरक! आपल्याकडे काही ठिकाणी याला 'कपात' म्हटलं, ते मला पटत नाही. आपली कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा सदस्याचा प्रस्ताव, मंजुरीच्या आधी येते, ती बहुतेक विरोधी पक्षाची असते, आणि तिचे आकडेही ठरलेले: रक्कम १ रुपयावर आणा म्हटलं तर पूर्ण धोरणच नामंजूर, १०० रुपयांनी कमी करा म्हटलं तर एखादी विशिष्ट तक्रार मांडायची आहे. तिसऱ्या प्रकारात काटकसरीसाठी नेमकी रक्कम सांगतात. अमेरिकेतलं प्रकरण मंजुरीनंतरचं, आणि ते सुचवणारा स्वतः राष्ट्राध्यक्ष. बाजार समितीत मालाचा भाव ठरायच्या आधीची घासाघीस वेगळी आणि वजन झाल्यावर कापलेला कडता वेगळा, दोन्हीला एकच शब्द कोणताही शेतकरी वापरणार नाही. 'मंजुरी मागे घेणे' म्हणा, सरळ आहे.

राहिला 'मंजूर'. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि याचं नातं 'नजर' शी आहे, मूळ अर्थ पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. म्हणून "गिलोटिनने मंजूर" हे दोन शब्द एकत्र वाचले की मला खटकते. दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांवर सभागृहात चर्चा होते, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात, फ्रान्समधल्या मुंडकं उडवायच्या यंत्रावरून. २१ मार्च २०२५ ला लोकसभेत असंच झालं. संसदेच्या स्थायी समित्या १९९३ पासून या मागण्या तपासतात हे खरं, पण पूर्ण सभागृहाच्या नजरेखालून त्या गेल्या असं म्हणता येत नाही.

तुम्ही खाली 'पुरवणी मागण्या' पण विचारलं आहे. दर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ऐकू येते तेच. पेपर लिहिताना पानं कमी पडली की तुम्ही पुरवणी मागता ना, तीच पुरवणी. वर्षाचा मंजूर पैसा कमी पडला की राज्य सरकार विधानसभेकडे पुन्हा मागते.

उत्तरपत्रिकेत असं लिहा: "परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांना लोकसभेने आवाजी मतदानाने मंजुरी दिली, त्यातून शेजारी देशांना साहाय्य दिले जाते." आणि साहाय्य लिहिताना 'सा' ला काना द्या, 'सहाय्य' सगळीकडे छापतात पण 'सहाय' पासून होते ते 'साहाय्य'.