रोजच्या किराणा-भाजीतून वाचवून मुंबईत घराचं डाउन पेमेंट जमतं का?

अख्खं नाही जमत, खोटं कशाला सांगू. पण त्याचा एक तुकडा नक्की जमतो.

आमच्याकडे गळती महिन्याच्या वाणसामानात नव्हतीच. ती होती दहा मिनिटांत दारात येणाऱ्या ॲपवर. कोथिंबीर हवी म्हणून उघडायचं आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून वर चिप्स, बिस्किटं, नको असलेला फेसवॉश. एका महिन्याची सगळी बिलं बेरजेला घेतली तेव्हा बायको माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत बसलो! आता फ्रिजवर कागद चिकटवलाय. संपलं की त्यावर लिहायचं, खरेदी फक्त रविवारी. भाजी दादरला, भल्या पहाटे, शेजारच्या काकूंबरोबर वाट्याने. दहा किलो कांदे एकट्याने आणले की निम्मे कुजतात. मिरची-मसाला उन्हाळ्यात लालबागहून वर्षाचा एकदम. डाळी मात्र साठवू नका, इथल्या दमट हवेत पोरकिडे होतात.

खरी मेख पुढे आहे. वाचलेले पैसे खात्यात ठेवलेत तर ते हॉटेलात जातात, स्वानुभव. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टाच्या आरडीत (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) टाका. मुदत 5 वर्षं, 100 रुपयांपासून सुरू होते. महिना 3,000 म्हणजे 1,80,000, व्याज वेगळं.

आणि हो, घराचा हिशोब करताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरा. बँक कर्ज देताना सहसा ते धरत नाही. आमची आरडी त्यासाठीच आहे.