'स्पोर्ट्स कार आहे, नखरे असणारच' असं डीलर म्हणाला तर केस होते का?

पुण्याच्या एका दादांचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगते. 14 महिन्यांपूर्वी त्यांनी जुन्या लक्झरी गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून 42 लाखांना जर्मन स्पोर्ट्स कार घेतली, 2018 चं मॉडेल, डबल क्लच गियरबॉक्स, गाडी फर्मच्या नावावर. तिसऱ्या महिन्यापासून गियरबॉक्स तापला की गाडी लिम्प मोडला जाते (म्हणजे स्वतःला वाचवायला पॉवर आणि गियर कमी करते), दुसरा चौथा सहावा गियर गायब, एकदा तर बोरघाटात चढावर बायको शेजारी बसलेली, मागे ट्रक, आणि गाडी पुढे सरकेना. चार वेळा डीलरच्या वर्कशॉपला जाऊन आली. आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मेकॅट्रॉनिक युनिट (गियरबॉक्स चालवणारा कंट्रोलचा भाग) बदलायचे 6 लाख 80 हजार सांगितलेत आणि डीलर म्हणतो स्पोर्ट्स कार आहे, नखरे असणारच, वर ॲग्रीमेंटमध्ये 'ॲज इज व्हेअर इज', म्हणजे गाडी आहे तशी, आहे तिथे घेतली, असं लिहिलेलं दाखवतो. दादा विचारतात केस होते का, आणि कंपनीलाही ओढायचं का.

दादा, आधी एक गोष्ट, ही गाडी घाटात नेऊ नका. वहिनींना घेऊन तर अजिबात नको. केस नंतर बघू.

आता केस. होते, आणि चांगली होते, पण तुम्ही ज्या मुद्द्यावर भांडताय त्यावर नाही. स्पोर्ट्स कार भरवशाची असते की नसते या वादात शिरलात की डीलरचा वकील दिवसभर बोलेल, जास्त पॉवर, आपले रस्ते, पेट्रोल, तुमचं ड्रायव्हिंग, आणि ग्राहक कमिशनच्या (म्हणजे ग्राहक आयोगाच्या) सदस्यांनाही वाटेल की हो बुवा, हौसेची गाडी आहे. खरा मुद्दा एवढाच की विकायच्या दिवशी डीलरला काय माहीत होतं आणि त्याने तुम्हाला काय सांगितलं. तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये त्याचं वाक्य आहे, 'सर शोरूम कंडिशन, गियरबॉक्स मक्खन, एक रुपयाचं काम नाही'. हे वाक्य सोन्यासारखं आहे. आता चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधीची सर्व्हिस हिस्टरी लेखी मागा. आधीच्या मालकाने हीच तक्रार नोंदवली असेल आणि ते रेकॉर्ड डीलरच्या हातात होतं असं निघालं तर 'ॲज इज' चा कागद त्याला वाचवत नाही, माहीत असलेला दोष लपवून सही घेतली तर ती फसवणूकच. सर्व्हिस सेंटर नाही म्हणालं तरी घाबरू नका, ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 खाली कमिशन कागद हजर करायला लावू शकतं. आणि तुमची गाडी आधी कुणी रिमॅप (पॉवर वाढवायला कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल) केली होती का हेही त्याच फेरीत तपासून घ्या, कारण समोरचा हा प्रश्न काढणारच. पोर्शेसारख्या गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये तर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलंय त्याची नोंद राहते, तुमच्या गाडीत अशी काही नोंद असेल तर तिचा प्रिंटआऊट आपल्याकडे आधी हवा, त्यांच्याकडून कळायला नको.

तुमची चारही जॉबकार्डं, म्हणजे गाडी देताना वर्कशॉपने भरलेले कागद, वाचली आणि खरं सांगू, वाईट वाटलं. पहिल्यावर कस्टमर कम्प्लेंटच्या रकान्यात 'जनरल चेकअप'. दुसऱ्यावर 'वॉशिंग, गियर ऑइल टॉपअप'. तिसऱ्यावर 'टेस्ट ड्राइव्ह ओके'. घाटात जीव टांगणीला लागला होता तो चौथ्या कार्डावर एका ओळीत, 'गियर शिफ्टिंग स्लो', बस. सर्व्हिस ॲडव्हायझर त्याला सोयीचं लिहितो आणि आपण घाईत सही करून किल्ली देतो, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं असंच असतं. यापुढे गाडी देताना तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किती किलोमीटरला झालं, कुठे झालं, डॅशबोर्डवर कोणता मेसेज आला, आणि लिहीत नसतील तर तिथल्या तिथे ईमेल टाका. युनिट लगेच बदलू नका, कारण ते बदललं की पुरावाच गेला, आणि बदलणं भागच पडलं तर आधी नोटीस देऊन, फोटो काढून, जुना पार्ट ताब्यात घेऊन. कलम 38 मध्येच योग्य लॅबकडून तपासणीची सोय आहे, खर्च सुरुवातीला आपल्याला भरावा लागतो पण तसा रिपोर्ट नसला की गियरबॉक्सच्या केसेस हवेत राहतात. आणि चॅट, व्हिडिओ ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

फर्मच्या नावावर गाडी म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप येणार म्हणजे येणारच. त्याला उत्तर आहे. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने मर्सिडीजच्या एका केसमध्ये (गाडीतला मधला उंचवटा तापतोय अशी तक्रार होती) सांगितलंय की कंपनीने डायरेक्टरच्या वापरासाठी घेतलेली गाडी आपोआप व्यावसायिक होत नाही. तुम्ही गाडी भाड्याने देत नाही, स्वतः चालवता, तेवढं अफिडेव्हिटवर लिहू.

कंपनीला मुख्य पार्टी करायचा हट्ट सोडा असं माझं मत. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2009 ची गाडी 2011 ची म्हणून विकली गेली होती, त्यात सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये म्हटलं की डीलरच्या अशा वागण्याला, कंपनीला माहीत होतं हे दाखवल्याशिवाय, कंपनी जबाबदार धरता येत नाही. तो तर कंपनीचाच डीलर होता, तुमच्या डीलरचा आणि त्या जर्मन कंपनीचा काहीच संबंध नाही. उगाच मोठा वकील समोर उभा करून तारखा वाढवायच्या कशाला.

कमिशन कुठलं, तर पुणे जिल्हा आयोग, कारण आता मर्यादा भरलेल्या किमतीवर ठरते, नुकसानभरपाई किती मागता त्यावर नाही, आणि 50 लाखांपर्यंत जिल्हा. फी 1000 रुपये, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते. एक खड्डा मात्र आहे, 'ॲज इज' चं कलम म्हणजे अनफेअर कॉन्ट्रॅक्ट (ग्राहकावर अन्याय करणारा करार) आहे असं लिहायचा मोह होईल, लिहू नका, ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि तुमची केस तिथेच लटकते. अनुचित व्यापारी प्रथा आणि सदोष माल एवढंच लिहायचं.

मागणी काय करायची यावर नीट विचार करा. 'नवी गाडी द्या' हे म्हणायला बरं वाटतं, पण मारुतीच्या 2006 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने वॉरंटी वाचून सांगितलं की जबाबदारी सदोष पार्टची आहे, अख्ख्या गाडीची नाही. आपल्याकडे अमेरिकेसारखा लेमन लॉ (वारंवार बिघडणारी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा) पण नाही. म्हणून पहिली मागणी गाडी परत घेऊन पैसे व्याजासकट, ते नाही तर युनिट बदलायचा पूर्ण खर्च, शिवाय क्रेन, टॅक्सी, मानसिक त्रास वेगळा. दोन्ही एकाच अर्जात, पर्याय म्हणून.

मुदत दोन वर्षांची आहे. कोणी म्हणेल शेवटच्या जॉबकार्डापासून मोजा, पण मी रिस्क घेणार नाही, खरेदीच्या तारखेपासून धरते, म्हणजे तुमच्याकडे 10 महिने आहेत, आणि डीलर 'पुढच्या आठवड्यात बघू सर' म्हणत त्यातले सहा आरामात खाईल. या आठवड्यात 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने जाऊ दे. नोटिशीत एक प्रश्न नक्की घाला, जुन्या गाड्या विकायला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं जे ऑथरायझेशन लागतं ते तुमच्याकडे आहे का, असल्यास कॉपी द्या. सर्व्हिस हिस्टरी हातात आली की मला पाठवा, मग तक्रारीचा मसुदा बसून करू.